दुखण्याचा दिवा

२०३८ साल होतं. त्या वर्षी आमच्या उद्यमनगरातला पेट्रोल पंप बंद झाला आणि त्याच्या जागी, गाड्या चार्जिंगला लावून लोकांनी मिसळ खात बसावं, असं हॉटेल निघालं. म्हणून साल पक्कं लक्षात आहे. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची होते आणि माझ्या उजव्या हाताचा अंगठा मला सोडून चालला होता.

आमची शेड मागच्या गल्लीत. आमचे मालक, म्हणजे माझे घरधनी जयसिंग चौगुले, डेंटिंग-पेंटिंग करायचे. मी गाड्यांना पॉलिश मारायची. गाडी धुणं, पुसणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं माझ्या थोरल्या जाऊबाईंकडं. त्यांचं नाव मालन. मी आक्का म्हणायची. थोरले दीर लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून आमचं घर एकच. खरं तर त्याच्याही आधीपासून. माझं लग्न होऊन काही वर्षं झाली असतील, शेडमधला पॉलिशवाला गडी अचानक पुण्याला निघून गेला आणि दारात चार गाड्या उभ्या. मी सहज मशीन उचललं. गल्लीतले लोक हसले. सासूबाई म्हणाल्या, "आणि चुलीकडं कोण बघणार?" तेव्हा मालनआक्का पीठ मळता मळता म्हणाल्या, "मी हाय की. तिला हुतंय तर करू द्या." एवढंच बोलल्या आणि पुढं तीस वर्षं घरातल्या साऱ्यांच्या भाकऱ्या त्यांनी थापल्या.

पॉलिशचं मशीन ज्यांनी कधी धरलं नाही त्यांना ते सोपं वाटतं. पुढं फोमचा गोल पॅड असतो. त्याला पेस्ट लावायची, पॅड पत्र्यावर टेकवायचा आणि मगच बटण दाबायचं. आधी दाबलंत तर सगळी पेस्ट तुमच्या पातळावर. गाडीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो, कागदापेक्षा पातळ. फडक्यानं पुसून पुसून त्या थरावर बारीक ओरखडे उठतात, उन्हात बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. ते जाळं काढायचं, पण थर राखायचा. एका जागी क्षणभर जास्त रेंगाळलं तर थर करपतो, आणि करपलेला थर कुणाच्या बापाला परत आणता येत नाही. सगळा खेळ हाताच्या दाबाचा. काळी गाडी सर्वांत अवघड, म्हणून मला सर्वांत आवडायची. तिच्या बॉनेटमध्ये शेडचं छप्पर, पत्र्याच्या फटीतून दिसणारं आभाळ, असं सगळं दिसायला लागलं की मी मशीन बाजूला ठेवून जरा वेळ नुसती बघत बसायची.

त्या सुमाराला ओरखडे उन्हात आपोआप भरून काढणारा रंग निघाला होता. हायवेवर मोठ्या शेडमध्ये पॉलिश करणारे लोखंडी हात बसले होते. पण कोल्हापूरचा माणूस गाडी सहजासहजी विकत नाही. जुन्या गाड्या पुष्कळ होत्या, आणि लोखंडी हात जुन्या रंगाला घाबरायचा. काम कमी नव्हतं. कमी पडत होता अंगठा.

अंगठ्याच्या मुळाशी, जिथं तो मनगटाला मिळतो, तिथं दुखायचं. मशीनची थरथर दिवसभर तिथंच जाऊन बसायची. संध्याकाळी चहाची कपबशी धरताना बशी वाजायची. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, मशीन सोडा. मालक म्हणाले, "गल्ल्यावर बस. पंखा लावून देतो." मी म्हणाले, "तुम्ही बसा गल्ल्यावर. मी डेंटिंग करते." ते हसले, मला हसू आलं नाही. मशीन हातातून गेलं तर माझ्याकडं काय उरतं, हे मला सांगता येत नव्हतं, पण ठाऊक होतं.

अशात मृण्मयी शिरगावकर आली. वडिलांची जुनी काळी गाडी घेऊन आली होती. आधी डॉक्टर झालेली, मग यंत्रांचं शिकलेली, तिशी नुकतीच ओलांडलेली पोरगी. माझं काम बघत उभी राहिली. मी एक दार संपवलं, हात काखेत दाबून धरला, मग दुसरं दार घेतलं. ती म्हणाली, "काकू, हात काखेत का धरता?"

"गरम राहतो. गप बसतो जरा."

"एक वस्तू आणून दाखवू?"

पुढच्या आठवड्यात तिनं जी वस्तू आणली ती मनगटाला बांधायचा मऊ पट्टा होती, अंगठ्यात अडकवायच्या कडीसकट. तिनं मला जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. सांधा दुखायला लागण्याच्या आधी सुजतो, आणि सुजण्याच्या आधी तिथं रक्त जमतं. रक्त जमलं की कातडीतून प्रकाश वेगळा परततो. पट्ट्यात बारीक हिरवे दिवे होते. ते अंगठ्याच्या मुळात प्रकाश सोडायचे आणि किती परत आला ते मोजायचे. शिवाय पट्ट्याला कान होते. झिजलेला सांधा वाकताना बारीक करकरतो. आपल्याला ऐकू येत नाही, पट्ट्याला यायचं. प्रकाश आणि आवाज असे दोन साक्षीदार. दोघांचं एकमत झालं की पट्टा मशीनला कळवायचा.

मशीनही तिनं बदलून आणलं होतं. आतमध्ये एक वजन बसवलेलं. पॅड इकडं थरथरला की वजन तिकडं थरथरायचं आणि दोन्ही मिळून मुठीशी शांत. पाळण्याला दोन्ही बाजूंनी सारखा झोका दिला तर तो हलणारच नाही, तसं. पट्ट्याकडून निरोप आला की मशीन आपला वेग, आपलं वजन बदलायचं. आणि मशीनच्या डोक्यावर एक दिवा. हिरवा म्हणजे चालू दे. पिवळा म्हणजे जपून. लाल म्हणजे बंद. मशीन आपोआप थांबायचं.

"लागोपाठ तीनदा लाल झालं," मृण्मयी म्हणाली, "तर मशीनला कुलूप लागेल. ते फक्त मलाच काढता येईल. आणि काकू, तसं झालं तर मी काढणार नाही. पट्टा परत नेणार. तीन लाल म्हणजे सांधा विश्रांतीतही पेटलेला आहे. तेव्हा काम केलंत तर पुढं घास भरवायलासुद्धा हात उरणार नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले.

मालनआक्का हातात ओलं फडकं घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमच्या टायमाला दिवा नव्हता. हाडं गप बसायची."

मृण्मयी हसली. मलाही तो टोमणाच वाटला.

पहिल्याच दिवशी मी अख्खी गाडी पुरी केली. थरथर नाही. हातात मशीन आहे की मांजराचं पिल्लू, कळू नये. दुपारनंतर दिवा पिवळा झाला, मी थांबले, पाणी प्याले, हिरवा झाला, परत लागले. संध्याकाळी कपबशी वाजली नाही. मी मालकांना दोनदा चहा करून दिला, नुसती बशी वाजत नाही हे बघायला.

पण त्या दिव्यानं एक वेगळीच गंमत केली. माझं दुखणं तोवर माझं होतं. किती सांगायचं, कुणाला सांगायचं, सणासुदीला झाकायचं, भांडणात काढायचं, हे माझ्या हाती होतं. आता ते मशीनच्या डोक्यावर, शेडच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असं लागलेलं. तीस वर्षांत "कसं आहे?" असं कधी न विचारणारे आमचे मालक पलीकडून हातोडी थांबवून ओरडायचे, "हेमाऽ! पिवळा!" सिग्नलवरच्या पोलिसासारखे. गिऱ्हाइकं माना वळवायची. गल्लीतला चहावाला येऊन सांगायचा, "काकू, आज लई हिरवं चाललंय तुमचं." एकदा एका वकिलानं, गाडी द्यायची की नाही, हे दिवा बघून ठरवलं. मला उघड्यावर अंघोळ करत असल्यासारखं वाटलं.

"आता कळतंय तरी कवा थांबायचं ते," मालक म्हणाले.

"मला आधीही कळायचं."

"कळायचं तर थांबायची का न्हाईस?"

मी पॅडला पेस्ट लावायला घेतली. मालनआक्का मात्र दिव्याबद्दल काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. गाडी पुसता पुसता फडकं थांबायचं आणि त्यांची नजर दिव्यावर. मला वाटलं, हिचं कौतुक जरा जास्तच चाललंय, असं त्यांना वाटत असेल. वाटलं तर चूक काय? माझ्या अंगठ्यासाठी पुण्या-मुंबईची यंत्रं येत होती आणि त्या बारा महिने थंड पाण्यात हात घालून उभ्या.

नवरात्र आलं. दसऱ्याला गाडी चमकली नाही तर कोल्हापूरच्या माणसाला हार घालायला लाज वाटते, त्यामुळं खांडेनवमीच्या आदल्या दिवसापर्यंत आम्हाला मान वर करायला सवड नसते. त्या वर्षी मी एकही गाडी परत पाठवली नाही. दिवा पिवळ्याच्या पुढं गेला नाही.

खांडेनवमीला हत्यारं पुजायची. शेडची झाडलोट करून, पाटावर लाल कापड घालून मालक आपले हातोडे, पाने, रंगाची पिस्तुलं मांडायचे. मी मशीन ठेवायची. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. आणि एकदा पूजा झाली की शिलंगणाचं सोनं लुटून होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. हा कायदा मालनआक्कांचा. त्या बाबतीत फार कडक. मागं एका वर्षी रस्त्यात अडकलेल्या कुणासाठी तरी मालकांनी पूजेतला पाना उचलला, तर आक्कांनी त्यांना जेवणाच्या ताटावरून उठवलं होतं. "ते बी वर्षभर राबत्यात. दोन दिस झोपू द्या त्यास्नी."

त्या वर्षी मशीनशेजारी पट्टाही मांडला. आक्कांनी त्यालाही हळद-कुंकू वाहिलं, बोट भरून. मी म्हणाले, "आक्का, त्यात बारीक दिवे आहेत."

"दिव्याला कुंकू लावत न्हाईत व्हय आपण?"

पुरणाचा घाट होता, मी घरात गेले. मालक नारळ वाढवून प्रसाद वाटायला गल्लीत गेले. आक्का मागं राहिल्या, समईजवळ.

शिलंगण झालं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेड उघडली, माळा उतरवल्या, पट्टा पुसून बांधला, पॅडला पेस्ट लावली, पत्र्यावर टेकवला आणि बटण दाबलं. काहीच नाही. दिवा लाल, आणि त्याच्याखाली कुलपाची खूण.

मी बटण परत परत दाबलं. मालक धावत आले. "तुझं दुखतंय का?"

"अजिबात नाही. दोन दिवस मशीन हातात तरी कुठं होतं?"

"मग कुंकू," मालक म्हणाले. "वैनींनी कुंकू भरलंय दिव्यात."

आम्हा दोघांनाही ते पटलं. आक्का फडकं घेऊन नळाकडं गेल्या. मी मृण्मयीला फोन लावला. ती दुपारी आली, सगळं ऐकून हसायलाच लागली. म्हणाली, "असू शकतं. कुंकू हिरवा प्रकाश गिळतं. पट्ट्याला वाटत असेल, प्रकाश परत आला नाही म्हणजे इथं रक्त जमलंय. आमच्या प्रयोगशाळेत हे कुणाच्या डोक्यात आलं नसतं!"

तिनं भिंग लावून पट्टा बघितला, बारीक ब्रशनं झाडला, स्पिरिटनं पुसला. कापसाला पिवळं-तांबडं लागलं. आम्ही सगळे खूश. मग तिनं पट्टा स्वतःच्या हाताला लावला: हिरवा. माझ्या हाताला: हिरवा. मी म्हणाले, "झालं की! काढ कुलूप."

पण तिचा चेहरा बदलला होता. तिनं आपल्याजवळच्या पडद्यावर काहीतरी बघितलं. "काकू, कुंकू वरच्या काचेवर होतं. आत गेलेलं नाही. तेवढ्यानं पिवळा झाला असता, लाल नाही. आणि नुसत्या प्रकाशावर पट्टा लाल म्हणतच नाही, आवाजही लागतो. त्यानं सांध्याची करकर ऐकलीय. कुंकू करकरत नाही." तिनं पडद्यावर बोट सरकवलं. "खांडेनवमीच्या दुपारी मशीन तीनदा उचललंय. तीनदा लाल. काकू, तुम्ही सणाच्या दिवशी काम केलंत?"

"नाही गं!"

"रागावणार नाही मी. पण खरं सांगा."

"देवाशप्पथ नाही."

मालक माझ्याकडं बघत होते. "हेमा, त्या वकिलाच्या गाडीचं एक दार ऱ्हायलं म्हणत हुतीस..."

"म्हणत होते. हात लावला नाही."

"तुला ऱ्हावत न्हाई, हे मला ठावं हाय. गेल्या वर्षी तापात उठून मशीन धरलं हुतंस का न्हाई?"

हे खरं होतं. म्हणून माझा आवाज चढला आणि चढलेल्या आवाजामुळं मी आणखीच खोटी दिसले. मृण्मयीनं माझा हात धरला. ती पोरगी मनानं चांगली होती, पण शब्दाला पक्की. "आपलं ठरलं होतं, काकू. तीन लाल म्हणजे सांधा आतून पेटतोय. आज हिरवा दिसतोय, पण मी धोका घेणार नाही." तिनं पट्टा डबीत ठेवला. मशीनची वायर गुंडाळायला लागली. मी तिच्या हाताकडं बघत होते. तीस वर्षांचं काम किती भराभर गुंडाळलं जातं!

"ते लाल माझं हाय."

मालनआक्का पाण्याच्या नळाजवळ उभ्या होत्या. नळ चालूच होता.

त्या पुढं आल्या, हात पदराला पुसले. "हेमानं न्हाई उचललं. म्या उचललं. पूजा झाल्यावर. ती सैपाकघरात हुती."

मालकांनी आ वासला. "वैनी! खांडेनवमीला? मी पाना उचलला तर ताटावरनं उठवला हुता मला!"

"तुमचा पाना आणि माझा हात एकच हाय व्हय, भावजी?" आक्का फटकन म्हणाल्या. मग आवाज खाली आला. "पहिल्यांदा उजव्या हाताला बांधला. लाल. म्हटलं, कुंकवानं झालं असंल, पुसला. मग डाव्या हाताला. तरी लाल. मग परत उजव्या."

"पण का, काकू?" मृण्मयीनं विचारलं.

आयुष्यभर दुसऱ्याला पटकन उत्तर देणारी बाई शब्द शोधत होती. "माझं दुखतंय ते खरं दुखतंय का मनाचं हाय, ते बघायचं हुतं. सासूबाई म्हणायच्या, काम नको झालं की मालनचे हात दुखत्यात. लई वर्सं ऐकलं. मग मलाबी तसंच वाटाय लागलं. माणसाला काय इचारणार? माणूस तोंड बघून सांगतंय. ह्ये यंत्र तोंड बघत न्हाई."

मृण्मयीनं डबी उघडली, पट्टा आक्कांच्या उजव्या हाताला बांधला, मशीन त्यांच्या हातात दिलं. बटण दाबायच्या आधीच दिवा लाल झाला. डाव्या हाताला बांधला. लाल. ती आक्कांची बोटं एकेक करून दाबून बघायला लागली, आणि मी त्या बोटांकडं प्रथमच बघितलं. घरात रोज जेवण वाढणारी, गंध उगाळणारी, माझ्या बाळंतपणात मला माखणारी ती बोटं पेरांपाशी सुजून उसाच्या कांड्यांसारखी झाली होती.

"सकाळी उठल्यावर हात वळतात?"

"न्हाईत. गरम पाण्यात धरते थोडा येळ. मग येत्यात वठणीवर."

सकाळी सर्वांच्या आधी उठून आक्का पाणी तापवायच्या. आम्हाला वाटायचं, त्यांना पहिल्या पाण्याची हौस. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायची वेळ आली की त्यांचे हात नेमके पिठात असायचे. "हेमा, तेवढं उघड गं, माझं हात भरल्यात." तीस वर्षांत त्यांनी एकही झाकण उघडलं नव्हतं, आणि भाकरी एकही चुकवली नव्हती. भाकरी म्हणजे काय, परातीवर तळहाताचा मार. आणि माझ्या वाटच्या भाकऱ्या त्यात होत्या. मी शेडमध्ये काळ्या बॉनेटमध्ये आभाळ बघत बसायची तेव्हा त्या घरात थापत होत्या.

मी म्हणाले, "आक्का, सांगायचं की हो मला."

"सांगून काय केलं असतंस? मशीन ठेवलं असतंस खाली आणि चुलीशी आली असतीस." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मग म्या थापलेल्या सगळ्या भाकऱ्या वाया गेल्या असत्या."

मालक उठून नळ बंद करायला गेले आणि तिथंच, आमच्याकडं पाठ करून, बराच वेळ उभे राहिले.

मृण्मयीनं कुलूप काढलं. काढताना स्वतःशीच म्हणाली, "पट्टा कुणाच्या हाताला आहे हे पट्ट्यालाच कळत नाही. ही आमची चूक. आम्हाला वाटलं, दुखणारा हात घरात एकच असणार." मग मला म्हणाली, "तुमचं काम चालू राहू दे, काकू. ह्यांना मात्र मी उद्याच नेणार."

"मला कशाला? दवाखान्यात गर्दी असती. दुपारचं जेवण कोण बघणार?"

"वैनी," मालक म्हणाले, "मी बघतो."

"तुम्ही? तुम्हाला मीठ आणि साखर एका डब्यात दिसतंय."

पण गेल्या. माझी झीज होती, वयाची आणि कामाची. ती थांबवता येते, उलटवता येत नाही. आक्कांचा आमवात निघाला. आपलंच रक्त आपल्याच सांध्यांशी भांडतं, असं मृण्मयीनं सांगितलं. त्यावर चांगली औषधं होती, आणि आणखी दोन वर्षं गेली असती तर ती लागू पडली नसती. आक्कांना औषधापेक्षा त्या कागदाचं अप्रूप. "रक्तात दिसलं," असं गल्लीत ज्याला त्याला सांगायच्या, पोराला पहिला नंबर मिळाल्यासारखं. मनाचं नव्हतं, हे सांगायला मिळालं, त्याचा तो आनंद होता. सासूबाई जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तरी एकदा त्यांच्या फोटोपुढं उभं राहून आक्का म्हणाल्या, "बगा. रक्तात हाय." आणि उदबत्ती लावली.

मी मृण्मयीकडं एकच गोष्ट मागितली. "तो दिवा आतल्या बाजूला कर. ज्याचा हात त्यालाच दिसू दे. बाकीच्यांनी तोंडानं विचारावं." तिला आधी पटलं नाही. ती म्हणाली, लोक झाकून ठेवतील. मी म्हणाले, "झाकतील काही. पण विचारायची सवय मोडली तर ती कुठल्या यंत्रानं परत येईल?" दिवाळीपर्यंत तिनं दिवा मुठीच्या आत आणला. मालकांना आता काही दिसेना. दोन दिवस ते अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी हातोडी थांबवून म्हणाले, "हेमा, कसं हाय?" मी खरं ते सांगितलं: "जरा पिवळं आहे." मग मशीन ठेवलं आणि चहा प्यायला बसले.

आता मी ब्याऐंशी वर्षांची आहे, आणि तेव्हाची माणसं कुठं कुठं गेली ते सांगून थांबते.

मृण्मयीचे पट्टे पुढं सगळीकडं गेले. विणकरांकडं, ऊसतोडीच्या बायांकडं, सलूनमध्ये, शिवणकामाच्या कारखान्यांत. एका मोठ्या कारखान्यानं दिवे बाहेर लावून घ्यायचा घाट घातला. ज्यांचे दिवे पिवळे, त्यांना घरी बसवायचं. मृण्मयीनं पट्टे द्यायचं नाकारलं, त्यात तिचं नुकसान झालं, पण पुढं दिवा आतच असला पाहिजे असा नियम झाला. आता तिचेही केस पांढरे झालेत. बेळगावला असते. फोन करते तेव्हा आधी तिचे हात कसे आहेत ते मी विचारते.

आमचे मालक त्या दवाखान्याच्या दिवसांत पिठलं शिकले आणि शेवटपर्यंत तेवढंच करत राहिले. पंचावन्न साली गेले. आदल्या दिवशी त्यांनी एका दाराचा पोचा काढला होता. बोट फिरवून बघितलं तर कुठं होता ते कळत नव्हतं.

तो वकील निवडून आला, मग पडला, मग त्यानं गाडी विकली. शेडच्या जागी आता सायकलींचं दुकान आहे. चांगलं चालतं.

मालनआक्कांचे हात पूर्वीसारखे झाले नाहीत, पण सकाळचं गरम पाणी सुटलं. त्यांनी लोणच्याची बरणी स्वतः उघडली त्या दिवशी दिवसभर त्या ती उघडत आणि बंद करत होत्या. मी सत्तेचाळीस साली मशीन ठेवलं. हात चालत होता. मन भरलं होतं, एवढंच. शेवटची गाडी काळीच होती. त्यानंतर आक्का नऊ वर्षं जगल्या. ती नऊ वर्षं आम्ही दोघी दुपारी समोरासमोर बसून जेवलो. भाकरी कधी त्यांनी केली, कधी मी. बऱ्याचदा कोपऱ्यावरनं विकतची आणली, आणि दोघींनी मिळून तिला पोटभर नावं ठेवली.